पेन चाललं की मार थांबायचा

विचारलेला प्रश्न असा आहे: शहरात कुठेतरी बाँब ठेवलाय, ठेवणारा माणूस तुमच्या ताब्यात आहे, हातात तासभर वेळ आहे आणि तो तोंड उघडत नाही. अशा वेळी त्याचे हाल करून माहिती काढणं नैतिकदृष्ट्या योग्य ठरतं का? पुढे असंही लिहिलंय, "तुम्ही इतकी वर्षं चौकशा केल्यात. पुस्तकी उत्तर नको, खरं सांगा."

खरंच सांगतो. मी २७ वर्षं तपासाचं काम केलं. त्यातला बराच काळ चौकशीच्या खोलीत गेला. निवृत्तीनंतर तरुण अधिकाऱ्यांना जबाब कसा घ्यायचा ते शिकवतो. माझं उत्तर 'नाही' असं आहे. कधीच नाही, त्या तासाभराच्या बाँबच्या वेळीही नाही. पण एक गोष्ट आधीच कबूल करतो. "छळ करून खरी माहिती कधीच मिळत नाही" असं माझ्या बाजूचे लोक अगदी सहज बोलून जातात. ते खरं नाही. कधी कधी मिळते. ज्याला खरोखर माहीत असतं आणि ज्याला सोसत नाही, तो सांगून टाकतो. माझं 'नाही' त्या एका वाक्यावर उभं असतं, तर असं पहिलंच उदाहरण समोर आल्यावर ते कोसळलं असतं.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. एका खाणीच्या गोदामातून डिटोनेटरची पेटी नाहीशी झाल्याची तक्रार आली. ती भलत्या हातात पडली तर किती माणसं जातील, याचाच हिशोब जो तो करत होता. म्हणजे तुमच्या प्रश्नातला बाँबच, फक्त त्याला घड्याळ लावलेलं नव्हतं. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला उचलून आणलं. वरिष्ठांनी त्याला जमिनीवर बसवलं, पाय बांधले आणि तळव्यांवर पट्ट्यानं मारायला सुरुवात केली. माझ्या हातात वही होती. तो बोलेल ते उतरवून घ्यायचं, एवढंच माझं काम.

पहिला अर्धा तास तो "माहीत नाही" इतकंच म्हणत राहिला. मग त्यानं एक नाव घेतलं. मी ते लिहिलं, आणि लिहून होईपर्यंत पट्टा थांबला. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की त्याची नजर मारणाऱ्याच्या हाताकडे नाहीच, माझ्या पेनाकडे आहे. पेन चाललं की मार थांबायचा, पेन थांबलं की सुरू व्हायचा. हे त्याला चार-पाच फटक्यांत कळलं होतं, आणि त्यानंतर तो जे जे बोलला ते पेन चालू राहावं म्हणून बोलला. मेहुण्याचं नाव सांगितलं. ज्याच्याशी भांडण होतं त्या शेजाऱ्याचं सांगितलं. पूर्वी त्याच खाणीवर कामाला असलेल्या दोघांची सांगितली. पहाटेपर्यंत वहीत अकरा नावं होती, सहा पत्ते होते आणि पेटी कुणी कुणाला केवढ्याला विकली याची सविस्तर हकीकत होती. वाचली तर कुणालाही पटली असती, कारण तिच्यातले धागे आम्हीच पुरवले होते. "ट्रक होता ना?" असं विचारलं की हकीकतीत ट्रक यायचा. "दोघं होते की तिघं?" विचारलं की तिघं व्हायचे.

रात्रीतच तीन घरांवर छापे पडले. एका घरात दारातल्या धक्काबुक्कीत म्हातारी पडली, तिचं मनगट मोडलं. सकाळी गोदामातल्या पावत्यांच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी सापडली. पेटी आठवडाभर आधीच दुसऱ्या खाणीवर पाठवली होती आणि रजिस्टरात नोंद करायची राहून गेली होती. पेटी तिथे सीलबंद पडलेली होती. चोरी झालीच नव्हती.

पहारेकऱ्याला सोडलं तेव्हा मी दारापर्यंत गेलो. त्याला पाय टेकवत नव्हते, भिंत धरून उभा होता. त्यानं मला एवढंच विचारलं, "साहेब, वहीतून मेहुण्याचं नाव खोडता येईल का?" मी हात उचलला नव्हता, हे खरं. पण ती अकरा नावं माझ्या अक्षरात होती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. त्यात सगळं आधीच ठरलेलं आहे. बाँब खरा आहे हे ठरलेलं, हाच तो माणूस हे ठरलेलं, त्याला जागा ठाऊक आहे हे ठरलेलं, मारलं की तो खरंच सांगेल आणि आपण वेळेत पोहोचू हेही ठरलेलं. एवढं सगळं माहीत आणि फक्त जागा माहीत नाही, अशी खोली मी २७ वर्षांत पाहिली नाही. प्रत्यक्षात तुमच्यापाशी असतो तो संशय. आणि धोका जितका मोठा तितका तो संशय आपल्याला पक्का वाटायला लागतो. तुम्हाला कल्पनेतल्या माणसाची जेवढी खात्री आहे, तेवढीच आम्हाला त्या रात्री पहारेकऱ्याची होती. आमच्यापैकी कुणी दुष्टपणानं वागत नव्हतं. सगळ्यांना माणसं वाचवायची होती.

म्हणून परवानगी देताना ती कुणाला देतो हे नीट पाहावं लागतं. कागदावर ती गुन्हेगाराविरुद्ध असते. खोलीत ती, ज्याच्यावर संशय आहे त्या प्रत्येकाविरुद्ध वापरली जाते. शिवाय ज्याला माहीत आहे त्याच्या हातात निदान सुटकेची किल्ली असते, तो बोलला की सुटतो. ज्याला काहीच माहीत नाही, त्यानं काय करायचं? आपल्याला माहीत नाही, हे सिद्ध करायला जगात कुठलाही पुरावा नाही. त्याचं प्रत्येक 'माहीत नाही' मारणाऱ्याला हट्ट वाटतं, आणि हट्ट मोडायचा म्हणून मार वाढतो. म्हणजे या पद्धतीत सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त मार खातो तो निरपराध. मी हे एका रात्रीत पाहिलं, पण लोकांना ते फार पूर्वी कळलेलं आहे. चेटकिणी म्हणून जाळल्या जाणाऱ्या बायकांचे कबुलीजबाब कसे तयार होतात, ते फ्रीडरिश श्पे या जर्मन धर्मगुरूनं १६३१ साली लिहून ठेवलं. या कैद्यांची शेवटची पापनिवेदनं तो ऐकत असे. इटलीच्या चेझारे बेक्कारियानं १७६४ साली मांडलं, की छळामुळे दणकट गुन्हेगार सुटतो आणि नाजूक निरपराध दोषी ठरतो. त्यात अजून एका शब्दाचा फरक करायची गरज पडलेली नाही.

खोटी माहिती मिळाली तर नुकसान काय, फार तर एक फेरी वाया जाईल, असं काही जण म्हणतात. फेरी वाया जाण्यावर ते थांबत नाही. ऑगस्ट १९४५ मध्ये, हिरोशिमावर बाँब पडल्यानंतर दोन दिवसांनी, मार्कस मॅकडिल्डा नावाचा अमेरिकन वैमानिक जपान्यांच्या हाती लागला. अणुबाँबबद्दल सांग, म्हणून त्याला मारहाण झाली. त्याला अणुबाँबमधलं काहीच कळत नव्हतं. शेवटी त्यानं सांगितलं, की अमेरिकेकडे असे शंभर बाँब आहेत आणि येत्या काही दिवसांत टोकियो आणि क्योटोवर पडणार आहेत. ही थाप जपानच्या युद्धमंत्र्यांपर्यंत गेली आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत माहिती म्हणून मांडली गेली.

दुसरं उदाहरण आपल्या काळातलं आहे. इब्न अल-शेख अल-लिबी या दहशतवादाचा संशय असलेल्या माणसाला पाकिस्तानात पकडलं आणि पुढे अमेरिकेनं इजिप्तच्या हवाली केलं. तिथल्या छळात त्यानं सांगितलं, की इराकनं अल-कायदाच्या माणसांना रासायनिक आणि जैविक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकविरुद्ध जी बाजू मांडली, तिच्यात ही माहिती होती. पुढच्याच महिन्यात युद्ध सुरू झालं. २००४ मध्ये अल-लिबीनं सांगितलं, की हाल थांबावेत म्हणून आपण ते रचलं होतं. "एका माणसाचे हाल विरुद्ध हजारोंचे प्राण" असा तराजू मांडणाऱ्यांनी दुसऱ्या पारड्यात हेही घालावं. छळातून आलेल्या एका वाक्यानं किती प्राण गेले, हा हिशोब सहसा कुणी करत नाही.

शरीराची बाजू थोडक्यात सांगतो. माणूस म्हणजे कुलूप लावलेली पेटी आणि मार म्हणजे हातोडा, अशी समजूत असते. आठवण ही पेटीत ठेवलेल्या वस्तूसारखी नसते, ती आठवायच्या वेळी पुन्हा जुळवावी लागते. झोप नाही, वेदना, भीती, थंडी, गुदमरणं, या सगळ्यांनी ती जुळवण्याची शक्तीच बिघडते. अमेरिकेत ५००हून अधिक सैनिकांवर, त्यांच्या प्रशिक्षणाचा भाग म्हणून झालेल्या चौकशीनंतर, एक अभ्यास झाला होता. ज्यांची चौकशी अतिशय तणावाची होती, त्यातल्या बहुतेकांना चौकशी करणाऱ्या माणसाला नंतर धड ओळखताही आलं नाही. चाळीस मिनिटं ज्याचा चेहरा समोर होता, तो चेहरा. हे तंदुरुस्त, तरुण सैनिक होते आणि हा सराव आहे हे त्यांना ठाऊक होतं.

अमेरिकेच्या सिनेटच्या गुप्तचर समितीनं सीआयएच्या कोठड्यांचा अभ्यास केला. डिसेंबर २०१४ मध्ये त्याचा सारांश प्रसिद्ध झाला. मूळ अहवाल ६,७०० पानांहून मोठा आहे. ११९ कैद्यांपैकी किमान २६ जणांना मुळात पकडायलाच नको होतं, असं त्यात आहे. अबू झुबैदा या कैद्याला ऑगस्ट २००२ मध्ये तोंडावर पाणी ओतून गुदमरवण्याचा प्रकार ८३ वेळा झाला. पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार कोण, ही त्याच्याकडून मिळालेली सर्वांत मोलाची माहिती त्याच्या कित्येक महिने आधीच मिळाली होती. तो जखमी होऊन रुग्णालयात पडलेला असताना एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी त्याची देखभाल करत, बोलत बोलत ती मिळवली होती. पुढे तो सूत्रधार, खालिद शेख मोहम्मद, पकडला गेला. त्याला तेच पाणी १८३ वेळा. त्यानं काय केलं? अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात मुस्लिम तरुणांची भरती चालू असल्याची कथा रचून दिली. ती खोटी होती, हे नंतर त्यानंच सांगितलं.

आता मी सुरुवातीला कबूल केलेल्या गोष्टीकडे येतो, म्हणजे जिथे दडपण चाललं त्या प्रकरणाकडे. सप्टेंबर २००२ मध्ये फ्रँकफर्टमध्ये ११ वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. खंडणी उचलणारा विद्यार्थी पकडला गेला. अपहरणकर्ता तोच, याबद्दल शंका नव्हती. मूल कुठे आहे ते तो सांगेना. मुलाचा जीव धोक्यात आहे असं समजून शहराच्या उपपोलीसप्रमुखांनी हुकूम दिला, की याला वेदना देण्याची धमकी द्या आणि गरज पडली तर वेदना द्याही. धमकी दिली आणि सुमारे दहा मिनिटांत त्यानं जागा सांगितली. खरी जागा सांगितली. तिथे मुलाचा मृतदेह मिळाला. अपहरणाच्या दिवशीच त्यानं त्याला मारलं होतं.

हे प्रकरण मी प्रत्येक प्रशिक्षणात मांडतो, कारण यात कुणालाच पळवाट नाही. उपप्रमुखांनी आपला हुकूम स्वतः फाइलवर लिहून ठेवला, लपवलं काही नाही. डिसेंबर २००४ मध्ये न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं. शिक्षा मात्र अगदी सौम्य, राखून ठेवलेला दंड. २०१० साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं सांगितलं, की ती धमकीसुद्धा अमानुष वागणूकच होती, आणि कारण कितीही मोठं असलं तरी तिला सूट नाही.

त्या उपप्रमुखांच्या जागी मी असतो तर? माझे हात थरथरले असते. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण आपल्या भाषेत दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. एक 'क्षम्य', दुसरा 'समर्थनीय'. हतबल माणसाच्या हातून घडलेली गोष्ट क्षम्य असू शकते. न्यायाधीश शिक्षा ठरवताना त्याची तडफड पाहू शकतो, आणि पाहावीच. समर्थनीय म्हटलं की मात्र ते पुढच्या वेळचं धोरण होतं. पुढचा अधिकारी मग फाइलवर थरथरत्या हातानं लिहिणार नाही. छापील अर्ज भरून मोकळा होईल.

आणि नैतिकतेचा गाभा माझ्या मते इथे आहे. मला एक माजी सैनिक म्हणाला होता, "आम्ही युद्धात माणसं मारतो, ते चालतं. मग न मारता नुसती वेदना दिली तर काय बिघडलं?" मी यावर खूप दिवस विचार केला. रणांगणावरचा शत्रू लढत असतो, पळू शकतो, शस्त्र खाली टाकू शकतो. शस्त्र टाकलं की त्याला मारायचं नाही, हे युद्धाचंही बंधन आहे. कोठडीतल्या माणसानं शस्त्र टाकून झालेलं असतं. तो बांधलेला आहे, त्याच्याकडून आता कुणालाही इजा नाही. छळाची सुरुवात होते ती या ठिकाणापासून, जिथे बाकी सगळी हिंसा थांबायला हवी तिथून. आणि त्यात नुसती वेदना नसते. त्याच्याच शरीराला त्याच्याविरुद्ध वापरायचं असतं. त्याची लाज, त्याची भूक, त्याचा श्वास, त्याचं लघवीवरचं नियंत्रण, सगळं आपल्या हातात घ्यायचं, आणि त्याला जे प्रिय आहे ते त्याच्याच तोंडून आपल्या हवाली करायला लावायचं. तो पहारेकरी मेहुण्यासाठी जे बोलला, ते मी इतकी वर्षं का विसरू शकलो नाही, याचं कारण हेच आहे. पाय बरे झाले असतील. मेहुण्याचं नाव मात्र त्यानं स्वतः घेतलं होतं, आणि ते त्याच्याकडून आम्ही घेववलं होतं.

हे गुन्हेगाराच्या बाबतीतही लागू आहे का? हो, लागू आहे. त्याला जन्मठेप द्या, त्याचं सगळं स्वातंत्र्य काढून घ्या, त्याला माझा विरोध नाही. पण त्याचं मन आतून मोडून त्यातून काहीतरी ओरबाडून काढण्याचा हक्क त्याच्या गुन्ह्यानं आपल्याला मिळत नाही.

कायद्याचं एका परिच्छेदात आटोपतो. संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार १० डिसेंबर १९८४ रोजी स्वीकारला गेला आणि २६ जून १९८७ रोजी अमलात आला. युद्ध असो, युद्धाचा धोका असो, अंतर्गत अस्थिरता असो की आणीबाणी, कुठलीही अपवादात्मक परिस्थिती छळाचं समर्थन होऊ शकत नाही, असं त्याच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय. वरिष्ठाचा हुकूम हाही बचाव होत नाही. कलम लिहिणाऱ्यांना तासाभराच्या बाँबची कल्पना सुचली नव्हती, असं समजू नका. ती कल्पना डोळ्यांसमोर ठेवूनच दार बंद केलंय.

कारण दार किलकिलं ठेवलं की काय होतं, ते पाहून झालं होतं आणि पुढेही दिसत राहिलं. उत्तर आयर्लंडमध्ये १९७१ साली ब्रिटिशांनी चौदा जणांवर पाच प्रकार वापरले: डोक्यावर बुरखा, भिंतीशी ताटकळत उभं करणं, सतत कर्कश आवाज, झोप न देणं, अन्नपाणी तोडणं. हा छळ नव्हेच, अशी मांडणी झाली. इस्रायलमध्ये १९८७ साली एका आयोगानं 'मध्यम शारीरिक दबावा'ला मान्यता दिली. तीही अशाच तातडीच्या धोक्यांसाठी. बारा वर्षांनी, सप्टेंबर १९९९ मध्ये, तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की जोरजोरात हलवणं, वेड्यावाकड्या स्थितीत बांधून बसवणं यांना कायद्याचा आधार नाही. अपवादासाठी काढलेली वाट रोजची झाली होती. आणि ती तशी का होते, हे मला आतून माहीत आहे. छळ हेही एक कसब आहे. तासाभरात 'यशस्वी' छळ करायचा तर तो येणारा माणूस हवा. तो शिकलेला हवा, म्हणजे त्यानं आधी कुणावर तरी हात बसवलेला हवा. तयार खोली हवी, कैदी मरू नये म्हणून शेजारी डॉक्टर हवा, गप्प बसणारा लेखनिक हवा. ही सगळी यंत्रणा वर्षातून एकदा येणाऱ्या बाँबसाठी तेलपाणी करून ठेवायची आणि उरलेले दिवस ती रिकामी बसेल, असं कुठल्याही खात्यात होत नाही. तपास अडला की तिचाच दरवाजा ठोठावला जातो. पुरावे गोळा करत उन्हातान्हात हिंडायचा कंटाळा हे त्यातलं फार मोठं कारण आहे.

फ्रेंच राजवटीतल्या अल्जीरियाचं उदाहरण याच्या पुढचं आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये अल्जीयर्स शहरातल्या गॅस कारखान्यात बाँब ठेवल्याबद्दल फेर्नाँ इव्हतों हा माणूस पकडला गेला. दुसरा बाँब कुठेतरी आहे असा संशय होता, आणि तो फुटला असता तर अनर्थ होता. म्हणजे तुमचा प्रश्न जसाच्या तसा. तिथल्या पोलीस खात्याचे सरचिटणीस होते पॉल तेतजेन. दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, खुद्द त्यांचे हाल केले होते. त्यांनी छळाला परवानगी नाकारली. ती दुपार आपण थरथरत काढली, असं त्यांनी नंतर सांगितलं. बाँब फुटला नाही. पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं याच्या पुढे आहे. त्यांनी नाही म्हटल्यावरही खालच्या लोकांनी कोठडीत इव्हतोंला विजेचे झटके दिलेच. ज्या हातांना सवय लागते ते हुकमाची वाट पाहत नाहीत. मार्च १९५७ मध्ये तेतजेननी राजीनाम्याच्या पत्रात लिहिलं, की चौदा वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या नान्सी शहरात, गेस्टापोच्या तळघरात आपण जे सोसलं, त्याच्या खुणा आता आपल्याला या कैद्यांच्या अंगावर दिसतात.

मग त्या तासात करायचं काय, हातावर हात ठेवून बसायचं? मुळीच नाही. छळाला नकार म्हणजे कामाला नकार, असं समजणाऱ्यांनी चांगली चौकशी पाहिलेली नसते. दुसऱ्या महायुद्धात हान्स शार्फ नावाचा जर्मन सैनिक पकडलेल्या अमेरिकन वैमानिकांची चौकशी करायचा. तो आवाजही चढवत नसे. त्यांना रानात फिरायला न्यायचा आणि आपल्याला सगळं आधीच ठाऊक आहे अशा थाटात गप्पा मारायचा. अमेरिकन विमानांच्या गोळ्यांचा माग मध्येच लाल ऐवजी पांढरा दिसतो, ते का, हे जर्मनांना हवं होतं. त्यानं ते विचारलंच नाही. "तुमच्याकडे रसायनांची टंचाई झालेली दिसते," एवढंच म्हणाला. "छे, पांढरा दिसला की गोळ्या संपत आल्याची खूण," वैमानिकानं चूक दुरुस्त केली. आपण काही सांगितलं, हे त्याला कळलंही नाही. इंग्लंड आणि वेल्सनं १९९२ मध्ये कबुलीवर भर देणारी जुनी पद्धत सोडली. दडपणाखालच्या कबुलीजबाबांवर निरपराध माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहिल्याचं उघड झाल्यावरच ती सोडली. आता तिथे तयारी करून, मोकळा प्रश्न विचारून, सविस्तर हकीकत घ्यायची आणि मग ती पुराव्याशी ताडून पाहायची, असं शिकवतात.

घाईच्या प्रकरणात मी काय केलं ते सांगतो. एका मुलाच्या अपहरणात घरच्या ड्रायव्हरवर संशय होता. मुलाचे वडील बाहेर व्हरांड्यात होते. ते आत येऊन मला म्हणाले, "साहेब, याला बोलतं करा. काय लागेल ते करा, मी काही पाहिलं नाही." त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. ज्याचं मूल गेलंय त्याला चौकशीला बसवत नाहीत, ते याचसाठी. ड्रायव्हर म्हणत होता, की आदल्या रात्री तो बहिणीकडून बसनं परत आला. मी त्याला खोटं पाडायला गेलो नाही. बसमध्ये कुठे बसला होता, शेजारी कोण होतं, तिकिटाला सुटे दिले होते का, असं विचारत गेलो. दुसरीकडे दोघं जण त्याच्या फोनच्या नोंदी आणि बसची वेळ तपासत होते. तो म्हणाला, खिडकी लागत नव्हती, पाऊस आत येऊन बाही भिजली. खोटं रचताना माणूस नवं फार थोडं रचतो, खऱ्यातलंच उचलून दुसरीकडे चिकटवतो. त्या रात्री बसच्या रस्त्यावर पाऊस नव्हता, धरणाकडच्या बाजूला होता. तीन तासांनी धरणाजवळच्या बंद पंपघरात मुलगा मिळाला. जिवंत होता.

एवढ्यावर थांबलो तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. काही वर्षांनी अशाच दुसऱ्या प्रकरणात मी हेच सगळं केलं. वेळ घालवला नाही, तपासून पाहता येतील असेच प्रश्न विचारले, बाहेर माणसं धावत होती. संशयितानं दुसऱ्या दिवशी पहाटे जागा सांगितली. आम्ही पोहोचलो तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांच्या मते मृत्यू मध्यरात्रीच्या सुमारास झालेला होता. त्या मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "काल संध्याकाळीच त्याला मारलं असतं, तर माझा मुलगा वाचला असता का?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांचा भाऊ येईपर्यंत मी त्यांच्याशेजारी बाकावर बसून राहिलो.